बोट ठेवा, कुठं लागतंय

बसा. 1960 च्या दशकातलं वर्धेजवळचं खेडं, वैशाखातली सकाळ. वेशीबाहेरच्या कडुनिंबाखाली तुम्ही रांगेत उकिडवे बसलात. सदरा पाठीला चिकटलाय. पुढच्याच्या पायाच्या पट्टीचा कुबट वास आणि स्पिरिटचा भपका एकदमच नाकात शिरतो. रस्त्यानं बाजाराच्या बैलगाड्या खडखडत येतात. झाड जवळ आलं की गाडीवान बैल दामटतात. महारोग्यांचं झाड ना हे!

तुमचा नंबर. कुष्ठकार्यकर्ता कार्ड काढतो. त्यावर माणसाच्या दोन आकृत्या, पुढून आणि मागून. त्यांवर तुमचे चट्टे रेखलेले. मग तो कोपराच्या आतली शीर चाचपतो. दोरीसारखी जाड! कळ थेट करंगळीत जाते.

"आता मिटा डोळे. लागेल तिथं बोट ठेवा."

कापसाची वात फिरते. दंडावर गुदगुल्या होतात, तुम्ही पटकन बोट ठेवता. पुढं पोटरी. तुम्ही वाट पाहता, कान टवकारता, श्वास धरता... डोळे उघडता तर तो कधीचाच दुसऱ्या पायाशी पोचलेला.

आता कान. पाळी चिमटीत घट्ट, रक्त येऊ नये म्हणून. पात्यानं बारीक चीर, खरवडून काढलेला रस काचेवर लिंपतात, काच दिव्यावर शेकतात. झोंबलं? झोंबू द्या, चांगलंच आहे ते.

चला, काचेमागोमाग दवाखान्यात. लाल रंग वाफाळेपर्यंत तापतोय, कार्बोलिकनं डोळे चुरचुरतात. आम्लानं धुणं, मग निळ्या रंगाचा हात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. मागच्या खेपेला इथं लाल काड्यांच्या मोळ्याच्या मोळ्या होत्या. आज काड्या तुटल्यात, मण्यांसारखे तुकडे झालेत. मेलेले जंतू! ही मढी शरीराबाहेर जायला वर्षं लागतील. पण एखादा जंतू जिवंत उरला असेल, म्हणून डॅप्सोनच्या गोळ्या चालूच. मधेच चट्टे लाल होऊन सुजले, ताप आला, तर गोळ्यांनीच रोग वाढवला असं समजून पुष्कळजण झाडाकडे फिरकतच नाहीत. तुम्ही मात्र सुजल्या अंगानिशी या. शीर दुखायला लागली की एकेक दिवस मोलाचा असतो. बोटं वाकडी व्हायच्या आत सांगायला हवं.

जंतू मेले तरी पोटरी मुकीच. संध्याकाळी ओट्यावर कंदील जवळ ओढा, तळवा वर करा आणि पाहा. टाचेत बाभळीचा काटा आहे, सकाळपासूनचा.