सामत्यापासून बॅटरीच्या ड्रिलपर्यंत

भोक पाडणे हे काम दिसावयास क्षुल्लक. परंतु मनुष्याच्या हस्तकौशल्याचा फार मोठा इतिहास या क्षुल्लक कामात साठलेला आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सुमारे नऊ हजार ते साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या मानवी दाढा सापडल्या. त्यांना गारेच्या टोकाने पाडलेली भोके आढळल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. मणी टोचणाऱ्या कारागिरांचीच विद्या तेथे उपयोगास आली असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. पुढे सिंधू संस्कृतीतील कारागिरांनी तांबड्या अकीकाचे लांब मणी आरपार टोचले. आधुनिक प्रयोगांत त्या पद्धतीने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडले. एका मण्यामागे किती दिवसांची चिकाटी होती, याची कल्पना त्यावरून यावी.

महाराष्ट्रातील सुतारांचा सामता हा याच कुळातला. कमानीची दोरी दांड्याला वेढावयाची, एका हाताने दांडा वरून दाबावयाचा आणि दुसऱ्या हाताने कमान पुढेमागे ओढावयाची. त्यामुळे टोक एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरते. दोरी तुटली तर कारागीर ती स्वतः बदलतो. हत्यार आणि त्याची दुरुस्ती ही दोन्ही एकाच हातात असतात. उणीव एवढीच की फिरणे अखंड नाही.

ती उणीव निरनिराळ्या देशांत हळूहळू भरून निघाली. अमेरिकेत स्टीफन मोर्स याने १८६३ साली पिळाच्या ड्रिलचे पेटंट मिळविले. त्याच्या खाचांतून भुसा आपोआप वर येतो, परंतु त्यासाठी टोक एकाच दिशेने फिरावे लागते. १८८९ साली मेलबर्नमध्ये अर्नॉट व ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले. १८९५ साली स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरावयाचे विजेचे ड्रिल केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाचा घोडा ही ब्लॅक अँड डेकर कंपनीच्या १९१७ सालच्या पेटंटाची देणगी होय.

आता उरली ती विजेची दोरी. १९६१ साली याच कंपनीने निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. चंद्रावर जाण्यासाठीच हे यंत्र निघाले, ही समजूत खरी नव्हे. चंद्राच्या जमिनीत ड्रिल चालले ते १९७१ साली, अपोलो १५ च्या मोहिमेत, म्हणजे दहा वर्षांनंतर. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि पुढे तिने ड्रिलचे वजन उतरवून जोर वाढविला.

हा इतिहास गृहस्थास उपयोगी पडतो तो खरेदीच्या वेळी. बालाघाट जिल्ह्यातील किरनापूर हे गाव गोंदियाच्या शेजारचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, तरी मराठी मुलखाचा शेजार सुटला नाही. याच जिल्ह्यात भरवेली येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. खाणीतील खडक नुसत्या फिरण्याने फुटत नाही. त्यावर घाव घालावे लागतात. घरच्या भिंतीचा न्यायही तोच. सागाच्या चौकटीस फिरते टोक पुरते. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीस घावांची, म्हणजे हॅमरची, सोय हवी. पत्र्यास वा लोखंडास टोक सावकाश फिरवावे लागते. तेव्हा प्रथम पाहावयाचे ते आपल्या घरातील पदार्थ; यंत्रावरील आकडे नंतर.

त्या आकड्यांचेही मर्म जाणून घ्यावे. लिथियमच्या एका घटाचा सामान्य दाब ३.६ व्होल्ट असतो. पाच घटांचे १८ व्होल्ट होतात. घट पुरते भरलेले असताना तोच संच २० व्होल्टच्या आसपास जातो. म्हणून कित्येकदा ‘१८’ आणि ‘२०’ या दोन पाट्यांखाली शक्ती एकच असते. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की साठा कळतो : १८ व्होल्ट व २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. फळ्या, खुंट्या, कड्या एवढेच काम असेल तर १२ व्होल्टचे हलके यंत्र पुरे; भिंतीचे काम वारंवार असेल तर १८ चे घ्यावे. क्वचितच एखादे भोक पाडावयाचे असेल, तर गावच्या सुतारास बोलावणे हीच शहाणी निवड. पैसाही वाचतो आणि एका हाताला कामही मिळते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. सामत्याची दोरी घरी बदलता येत असे. बॅटरी कारखान्यातूनच यावी लागते आणि एका कंपनीची सहसा दुसरीच्या यंत्रास बसत नाही. म्हणून ती बॅटरी जवळच्या गावी मिळते की नाही, याची चौकशी यंत्र घेण्यापूर्वीच करावी. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली आहे. यंत्राने दोरी तोडली खरी, पण परावलंबन तोडले नाही. ते फक्त भिंतीतून बॅटरीत गेले आहे.