खडकवासला जलाशय : सिंचन, स्मृती आणि सहल

प्रस्तावना :
पुणे शहराच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर असलेला खडकवासला जलाशय हा शहराचा पाणीसाठा व सुटीच्या दिवसाचे सहलस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि मनोरंजन हा त्याच्या निर्मितीचा हेतू नव्हता. जलाशयाच्या बदलत्या उपयोगांचा ऐतिहासिक आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निर्मिती व हेतू :
कर्नल फाइफ या लष्करी अभियंत्याच्या योजनेतून उभे राहिलेले दगडी धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. ब्रिटिश काळात जलाशयास ‘लेक फाइफ’ असे संबोधले जाई. पुणे व खडकी येथील छावण्यांना पाणी पुरविणे आणि मुठा कालव्यांद्वारे पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागात सिंचन करणे, असे दुहेरी उद्दिष्ट त्यामागे होते. परंतु पाणी साठले म्हणजे ते शेतकऱ्यास न्याय्य रीतीने मिळाले, असे नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कठोर टीका केली. पुढे १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे स्वयंचलित दरवाजे येथे बसविले गेल्याने साठवणक्षमता वाढली.

लष्करी उपयोग :
दुसऱ्या महायुद्धकाळात जलाशयाकाठी सैनिकांना पाण्यातून किनाऱ्यावर उतरण्याचे प्रशिक्षण दिले जाई. जलाशय व भोवतालचे डोंगर लक्षात घेऊनच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी ही जागा निवडण्यात आली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसविण्यात आली.

१९६१ चा प्रलय :
१२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासला धरणही टिकले नाही व पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. जलाशय रिता झाल्याने शहराचा नळाचा पाणीपुरवठा खंडित होऊन नागरिकांना जुन्या विहिरी व आडांचा आश्रय घ्यावा लागला. कालांतराने धरण पुन्हा बांधण्यात आले.

समारोप :
सिंहगड-पानशेतकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा काठ आज ‘चौपाटी’ म्हणून ओळखला जातो. तेथे भजी व भाजलेली कणसे खाणाऱ्या पर्यटकांस समोरच्या पाण्याचा हा इतिहास क्वचितच ज्ञात असतो. जलाशयाकडे केवळ सहलीच्या दृष्टीने पाहिल्यास १९६१ ची स्मृती पुसट होते आणि पिण्याच्या पाण्याचे पावित्र्य जपण्याची जबाबदारीही विसरली जाते. म्हणूनच या काठाचा स्थानिक इतिहास पर्यटकांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.