तिजोरीची चावी आणि हिशेबाची वही

म्युनिसिपालिटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नळ, गटार, दिवाबत्ती आणि कचऱ्याची गाडी उभी राहते. ही कामे कोण करतो, हे आपण विचारतो. ती कोण तपासतो, हे क्वचितच विचारतो. मुंबईच्या इतिहासात मात्र हा दुसरा प्रश्नच अधिक गाजला.

१८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. त्याच्यावर नजर ठेवायची ती ‘जस्टिस ऑफ द पीस’ या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांनी. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे मोठे धडाडीचे गृहस्थ. रस्ते, गटारे, सफाई, सर्वांना त्यांनी हात घातला. आज महात्मा फुल्यांचे नाव धारण करणारी मंडई १८६९ साली त्यांच्याच अमदानीत उभी राहिली. शहर सुधारले, यात शंका नाही. परंतु खर्चाला धरबंध उरला नाही, आणि जस्टिस मंडळी जागी झाली तेव्हा डोक्यावर कर्ज होते. १८७१ साली करदात्यांनी एकच ओरड केली.

त्या गदारोळात फिरोजशहा मेहता नावाच्या सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टराने वेगळाच मुद्दा मांडला. कमिशनरचे हात बांधू नका, म्हणाले. दोष त्याच्या अधिकारात नसून तपासणाऱ्यांच्या ढिलाईत आहे. तपासणारे लोकांनी निवडून दिलेले असू द्या. हे तेव्हा फारसे कोणाला रुचले नाही. आम्हा युनियनवाल्यांना मात्र ते चटकन उमगते. आमच्याकडे पावती फाडणारा एक आणि वही तपासणारा दुसरा असतो. दोन्ही एकच झाला, तर सभासद वर्गणी देताना का-कू करतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. पुढे १८८८ च्या कायद्याने कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर अशी तीन अधिकारस्थाने ठरली. काम कमिशनरने करायचे, खर्चाची छाननी स्थायी समितीने, मंजुरी कॉर्पोरेशनची. पाणी, मैलापाणी, सफाई ही तर कलम ६१ प्रमाणे टाळता न येणारी कर्तव्ये. १८९२ साली तानसाचे पाणी शहरात आले ते याच चौकटीतून.

पण नजर कोणाची? १८७२ साली शहरात सुमारे साडेसहा लाख माणसे होती, आणि मत होते वर्षाला पन्नास रुपये कर भरणाऱ्याला. म्हणजे घरमालकाला. ज्याच्या अंगणात नळ आहे तोच नळाचा कारभार तपासणार! परळ-लालबागच्या चाळीत एका नळावर किती बिऱ्हाडे ताटकळतात, हे त्याला कसे कळावे? जो झाडूवाला पहाटे गल्ली झाडतो, तो तर अंदाजपत्रकात निव्वळ खर्चाची बाब. १८९६ च्या प्लेगनंतर चाळी पाडण्याचे आणि वस्त्या सुधारण्याचे काम निघाले, तेव्हा सरकारने ते कॉर्पोरेशनकडे न देता १८९८ साली निराळ्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टकडे सोपवले. तो ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्ये विलीन व्हायला १९३३ उजाडले.

१९२२ साली महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले. गिरणी कामगाराच्या खोलीचे भाडे बहुधा त्याहून कमीच असे, तेव्हा तो बाहेरच राहिला. प्रौढ मतदानाने निवडणूक झाली ती १९४८ साली. तेव्हा कुठे झाडूवाल्याला आणि त्याच्या बायकोला सभागृहात आपला माणूस पाठवता आला.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, आयुक्तच प्रशासक होते. स्थायी समितीचे अधिकार त्यांचे, सभागृहाचेही त्यांचेच. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचे आणि प्रशासकांनी मंजूर करायचे, दोन्ही सह्या एकाच लेखणीच्या. १८६५ साली निदान जस्टिस मंडळी तरी होती, मग ती झोपलेली का असेनात. या चार वर्षांत नळाला पाणी येत होते, रस्तेही होत होते. ज्या चाळीत पाणी येत नव्हते, तिथली माणसे वॉर्ड ऑफिसात अर्ज देत होती. अर्जावर शिक्का बसत होता. तो अर्ज हातात धरून सभागृहात उभा राहील आणि कमिशनरला जाब विचारील, असा मनुष्य मात्र त्या इमारतीत कोणी नव्हता.