मामाचा प्रिंटर आणि नाव नसलेला कागद

सांगलीत माझ्या मामाचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मी साताऱ्याला. २००९ साली आम्ही एक शक्कल लढवली. मी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर लग्नपत्रिका, शाळांचे फॉर्म, कुणाचे अर्ज असं काहीबाही साताऱ्यात बसून तयार करायचं आणि ते थेट मामाच्या प्रिंटरमधून सांगलीत बाहेर पडायचं! त्यासाठी मी दुकानातल्या राउटरवर ९१०० क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून दिलं. पासवर्ड नाही, काही नाही. पहिला कागद निघाला तेव्हा मामाने फोनवर, "अरे, आला की!" असं ओरडून सांगितलं होतं. मला तर मोठा शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटलं.

नऊ वर्षं हे सुरळीत चाललं. २०१८ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी ट्रेमध्ये एक इंग्रजी कागद पडलेला होता. अमुक यूट्यूब चॅनेलचे सदस्य व्हा, असं काहीतरी. मामाने तो नीट घडी करून ठेवला आणि रविवारी मी गेलो तेव्हा माझ्या हातात दिला. म्हणाला, "मला वाटलं तूच साताऱ्याहून पाठवलास. कामाचा असेल म्हणून जपून ठेवला."

त्या आठवड्यात जगभरच्या हजारो प्रिंटरांमधून तोच कागद निघाला होता. करणाऱ्याने आकडा सांगितला पन्नास हजार. त्याने कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. उघडी दारं शोधली होती, आणि त्यातलं एक मी उघडलेलं होतं. त्या दारातून कुणीही कागद पाठवू शकत होता. काही प्रिंटरांत तर त्याच दारातून आत साठवलेली कामंही चाळता येतात. शिवाय मी पाठवलेले सातबारे, आधार कार्डं, मार्कशीटं नऊ वर्षं उघड्या पोस्टकार्डासारखी सातारा-सांगली प्रवास करत होती. लोक मामाच्या भरवशावर कागद देत होते आणि मामा माझ्या.

पण मला जास्त लागलं ते मामाचं वाक्य. "मला वाटलं तूच पाठवलास." कागद ज्या वाटेने आला, त्या वाटेवर त्याचा विश्वास होता.

मग वाटलं, ही गोष्ट काही नवी नाही. छपाई आली तेव्हापासूनचाच हा प्रश्न आहे: हा कागद कुणाचा?

सांगलीपासून दहा किलोमीटरवर मिरज. तिथे १८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापवली. मूळ बेत पुण्यात नाना फडणविसांचा. तिथे इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्या आश्रयाने एक तांबट हे कोरकाम शिकला होता. १८०० साली नाना गेले, कारागीर मिरजेला आला आणि काम तिथे पुरं झालं. अ. का. प्रियोळकरांच्या भारतीय मुद्रणाच्या इतिहासात ही हकीकत आहे. त्या काळी अशी प्रत हातात आली तर कुणाकडून आली हे विचारावं लागत नसे. पत्रे कुणाच्या वाड्यात आहेत, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

छापखाने वाढले तशी ही ओळख पुरेना. १८६७ साली सरकारने कायदा केला: छापखाना ठेवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटसमोर तसं जाहीर करायचं आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर, वर्तमानपत्रावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालायचं. आपल्या जुन्या मासिकांच्या शेवटी बारीक टायपात "हे मासिक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून..." असं येतं ना, ते यामुळेच. तो कायदा थेट २०२४ च्या मार्चपर्यंत टिकला.

अर्थात सरकारला नाव हवं होतं ते वेळ आली तर पकडायला. म्हणून १९४२ नंतर भूमिगतांच्या पत्रकांवर मुद्रकाचं नाव नसायचं. नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून आपल्याच भागात चाललं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. निनावी कागदावर लोकांनी विश्वास ठेवायचा तो कशावर? तो आणून देणाऱ्या माणसावर. म्हणजे पुन्हा वाटेवरच.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांनीही आधी हेच केलं. छपाईचा एलपीडी नावाचा जुना शिरस्ता १९९० साली लिहून काढला गेला. त्यात कागद पाठवणाऱ्याने ७२१ ते ७३१ याच क्रमांकांच्या दारांतून निघायचं. युनिक्सवर ही खालची दारं फक्त मुख्य अधिकाऱ्याला उघडता येत, म्हणून तिथून आलेला माणूस घरचाच. एका कॉलेजात, एका ऑफिसात ठीक होतं. पण सगळं जग एकाच तारेवर आल्यावर त्या दारांना अर्थ उरला नाही. १९९९ मध्ये आयपीपी आलं, त्याचं दार ६३१. त्यात पाठवणारा आपलं नाव सांगतो, पासवर्ड देतो आणि मजकूर कुलूपबंद करून पाठवता येतो. त्याच वर्षी लिनक्सवाल्यांचं कप्स आलं.

आम्हीही शेवटी तिथेच आलो. राउटरवरचं दार बंद केलं. दुकानात एका छोट्या कॉम्प्युटरवर कप्स बसवलं आणि सातारा-सांगली खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन टाकला. माझ्याकडच्या कप्सच्या फाइलीत मोजक्या ओळी आहेत. सर्व्हरनेम: कुणाकडे जायचं. यूजर: मी कोण. एन्क्रिप्शन: मुळात ते 'मागितलं तर' असं असतं, मी 'हवंच' केलं. आणि एक ओळ फार मजेशीर आहे, 'ट्रस्टऑनफर्स्टयूज'. समोरचा पहिल्यांदा भेटला की विश्वास ठेवायचा का? ती मुळात 'हो' असते. मी 'नाही' केली आणि सांगलीच्या कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र पेनड्राइव्हवर घालून एसटीने साताऱ्याला आणलं. भूमिगतांच्या पत्रकासारखं, ओळखीच्या माणसाच्या हाती!

२०२४ च्या सप्टेंबरात कप्सच्याच एका भागात मोठी खोट सापडली, तेव्हा ६३१ चं दार जगाला उघडं ठेवणारे घाबरले. आमचं दार बोगद्याच्या आत होतं. तरी मी रात्रीच सगळं अद्ययावत करून टाकलं. एकदा तोंड पोळलंय ना, आता ताकही फुंकून पितो.

मामाला यातलं काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. फक्त आता प्रत्येक कामाआधी एक पान निघतं, त्यावर पाठवणाऱ्याचं नाव असतं. परवा म्हणाला, "कशाला एक कागद फुकट घालवतोस?" मी म्हटलं, "मामा, राहू द्या."

त्याने घडी करून ठेवलेला तो इंग्रजी कागद अजून माझ्या कपाटात आहे. असो. तुमच्या घरचा प्रिंटर कुणाकुणाचं ऐकतो, एकदा बघून घ्या.