उगवले तेवढेच लिही

परवा माझ्या मुलीने शाळेच्या प्रयोगासाठी दहा अळसांदे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चौथ्या दिवशी सात उगवले, तीन तसेच राहिले. वहीत मात्र तिने लिहिले, ‘सर्व बिया अंकुरल्या’. विचारले तर म्हणते, "पप्पा, पुस्तकात तसंच आहे!"

मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. तिच्या वयाचा असताना मीही हेच केले होते. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान... आमच्या प्रयोगवहीतले सगळे फळ्यावरून उतरवलेले. प्रयोगाच्या खोलीचे कुलूप उघडायचे ते तपासणीला साहेब येणार असले तरच. विज्ञानाची धास्ती घेऊन मी कला शाखेकडे वळलो, पुढे सरकारी कारकून झालो. आता रकाने भरणे हाच पोटापाण्याचा धंदा!

त्या वहीवरून मला होशंगाबाद आठवले. मी तिथे कधी गेलेलो नाही, पण त्याची हकिगत वाचल्यापासून मनातून जात नाही. वाचकहो, तीच आज सांगतो.

होशंगाबाद हा मध्य प्रदेशातला नर्मदाकाठचा जिल्हा. २०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम. १९७२ साली तिथे दोन स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. एक ‘किशोर भारती’. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काम सोडून खेड्यात आलेल्या डॉ. अनिल सद्गोपाल यांनी ती उभी केली होती. दुसरी रसूलियाची ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’, क्वेकर पंथीयांची. त्यांनी राज्य सरकारकडे एक मागणी केली. आम्हाला काही सरकारी माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवू द्या. आणि सरकारने चक्क परवानगी दिली! सुरुवात झाली ती १६ शाळांतून.

पद्धत सांगायला सोपी. मुलांनी चार-चारच्या गटात बसायचे, प्रयोग स्वतः करायचा, दिसले ते लिहायचे आणि मग साऱ्या वर्गाने मिळून त्यावर चर्चा करायची. उत्तर पुस्तकात छापलेलेच नाही! ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकात प्रश्न असत, उत्तरे मुलांनी शोधायची. एकच लांबी चार मुलांनी मोजली आणि चार आकडे आले, तर खोटे कोण हे ठरवायचे नाही. फरक का पडला ते पाहायचे. साहित्यही गावात मिळेल असे, स्वस्त आणि साधे.

खरी अडचण साहित्याची नव्हतीच. ज्या गुरुजींनी आयुष्यात एकही प्रयोग केला नव्हता, त्यांनी तो शिकवायचा कसा? म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत गुरुजीच विद्यार्थी होऊन बसत आणि पुस्तकातले प्रयोग स्वतः करत. शिकवायला टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक येत. शाळा सुरू झाल्यावर महिन्याच्या बैठकीत गुरुजी आपल्या अडचणी मांडत, त्यावरून पुस्तकही बदले. परीक्षा बदलली ती तर मला सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते. पुस्तक उघडे ठेवून लेखी परीक्षा, आणि प्रयोगाची वेगळी. पाठांतराचा मुळी उपयोगच नाही!

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत गेला. शाळांची संख्या दोनशेच्या वर होती. १९८२ मध्ये तो पुढे चालवण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली. मुले ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्रे लिहून मनातले प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरे जात. खेड्यातल्या पोराच्या प्रश्नाला टपालाने उत्तर येते, याचे मोल काय असेल ते ज्याने कधी अर्जाच्या उत्तराची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल.

२००२ साली हा कार्यक्रम सुमारे १,००० शाळांत होता आणि एक लाखाच्या आसपास मुले त्यात शिकत होती. त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारने तो बंद केला. ही मुले पुढे दहावीच्या परीक्षेत मागे पडतात, असा आक्षेप होता. ‘एकलव्य’ने तो मान्य केला नाही. पण आदेश निघाला, तीस वर्षे संपली.

मी फायलींतला माणूस. एवढे मोठे काम बंद करायला टिपणीचा एक कागद पुरतो, हे मला नवीन नाही. मात्र १९७२ मध्ये ते सुरू झाले तेही कोणाच्या तरी सहीनेच ना? त्या सहीसाठी कोण्या अधिकाऱ्याने जबाबदारी अंगावर घेतली असणार. आम्हा नोकरदारांनी ही दुसरी बाजूही लक्षात ठेवावी.

आणि सगळेच काही संपले नाही. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतला एक अभियंता रजा काढून होशंगाबादला आला होता. नाव अरविंद गुप्ता. तिथेच त्याने सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घरे बनवली. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. घराच्या छपराला कैची का लागते, ते पोराच्या बोटांनाच कळते! पुढे पुण्याच्या आयुकातल्या ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त गुप्ता २०१४ पर्यंत मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी करत राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘एकलव्य’चे काम आणि पुस्तकेही चालू राहिली.

असो. मुलीला मी म्हटले, "बाय, सात उगवले तर सातच लिही." ती घाबरली. "मार्क कापले तर?" मी म्हटले, "कापू देत." (हे बोलणे सोपे, हे मलाही ठाऊक आहे. कार्यालयातल्या तक्त्यात ‘शंभर टक्के’ लिहिताना माझा हात कितीदा थांबला आहे?)

मग आम्ही न उगवलेले तीन अळसांदे सुरीने चिरले. दोन आतून किडीने पोखरलेले निघाले. तिसरा मात्र धड होता. तो का उगवला नाही, हे तिने विचारले आणि मला सांगता आले नाही.

वहीत तिने तोही प्रश्न लिहिला आहे.