नाक्यावरची म्हातारी

सप्टेंबर १७९२. पॅरिसच्या पश्चिम नाक्यावर तुम्ही गर्दीत उभे आहात. दिवस मावळायला आलाय. बाजार आटोपलेल्या भाजीवाल्या बायकांच्या गाड्या गावाकडे निघाल्यात आणि सार्जंट बिबो एकेक गाडी तपासतोय. एप्रिलपासून गिलोटिन सुरू झालंय. उमराव वेष पालटून निसटू पाहतात. ओळख पटली तरी बिबो त्यांना थोडं पुढं जाऊ देतो, मग शिपाई सोडून माघारी आणवतो. हा त्याचा आवडता खेळ.

तेवढ्यात एक म्हातारी गाडी हाकत येते. तिच्या चाबकाच्या मुठीकडे बघा: सोनेरी, रुपेरी, काळ्या केसांच्या बटा बांधल्यात, गिलोटिनवर गेलेल्यांच्या. ती सांगते, नातू गाडीत पडलाय, त्याला देवी आल्यात, कुणी प्लेगही म्हणतात. बिबो झटकन मागं सरतो. तुम्हीही सरता. गाडी वेशीबाहेर जाते, आणि मग एक कप्तान घोडा फेकत येतो. गाडीत काउंटेस द तूर्ने आणि तिची दोन मुलं होती! म्हातारी म्हणजे तो इंग्रज, ज्याची खूण आहे एक तांबडं रानफूल.

तुम्ही बॅरोनेस ऑर्त्सीच्या ‘द स्कार्लेट पिंपरनेल’मध्ये शिरला आहात. बाई जन्मानं हंगेरियन, लिहिलं इंग्रजीत. गोष्ट १९०३ मध्ये नॉटिंगहॅमला नाटक म्हणून रंगमंचावर आली, कादंबरी १९०५ ची. तिच्यातल्या पॅरिसच्या गरिबांना रक्ताची तहान आहे, पण त्यांची भूक कुठंच दिसत नाही. उमरावांची बाजू घेणारं पुस्तक आहे हे, आणि मला ते खटकतं. तरी ते मी पुनःपुन्हा वाचते.

कारण आता तुम्ही रिचमंडला पोचलात. लॉर्ड ग्रेनव्हिलकडचा नाच आटोपलाय, पहाट होतेय. सर पर्सी ब्लेकनी स्वतः चार घोडे हाकत पत्नी मार्गारीतला घरी घेऊन आलाय. लंडनला तो ठाऊक आहे श्रीमंत, आळशी, गळपट्ट्याच्या गाठीपलीकडे डोकं न चालणारा म्हणून. मार्गारीतही त्याला तसाच समजते. ती फ्रेंच नटी. तिच्या बोलण्यामुळे एक उमराव घराणं गिलोटिनवर गेलं, हे लग्नानंतर चोवीस तासांत त्याच्या कानी आलं आणि दोघांत भिंत उभी राहिली. आता ती भावाच्या जिवासाठी त्याची मदत मागते. तो अदबीनं बोलतो, पण अंतर सोडत नाही. ती आत जाते. मग तुमच्यादेखत हा धिप्पाड माणूस गुडघे टेकतो आणि तिची पावलं जिथं पडली त्या पायऱ्यांचं, तिचा हात टेकला होता त्या कठड्याचं चुंबन घेतो.

गुप्तहेराच्या गोष्टीत सोंग शत्रूपुढं असतं. इथं ते घरात, बायकोपुढं आहे, आणि तिला काही कळायच्या आधी तुम्हाला त्याचं प्रेम कळलंय. तिला हाक मारून सांगावंसं वाटतं ना? या पुस्तकाची खरी मजा तीच.

पुढं कॅलेच्या खानावळीत तपकिरीच्या डबीचं काय होतं, ते मी सांगणार नाही. प्रकरणं एकतीस आहेत, भराभर सरतात. रिचमंडची पहाट सोळाव्यात आहे. तिथवर पुस्तक खाली ठेवू नका.