स्वप्न, स्मृती आणि मनोमय काय : पालि वाङ्मयाच्या आधारे एक ऐतिहासिक शोध

वर्षावासातील एका प्रवचनानंतर जालना औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण उपासक माझ्यापाशी थांबला. त्याने सांगितलेला अनुभव असा : पहाटे जाग आली, पण हातपाय हलेनात. छातीवर कोणीतरी बसल्याचा भास झाला आणि मग आपण छतापाशी तरंगत आहोत, खाली आपलेच शरीर झोपलेले आहे, असे त्याला स्पष्ट दिसले. घरातील वृद्ध म्हणाले, बाहेरचे काहीतरी आहे. एका ओळखीच्या गृहस्थाने याला सूक्ष्म देहाचा प्रवास म्हटले आणि तो हवा तेव्हा घडवून आणण्याच्या शिबिराचा पत्ता दिला. तरुणाचा मला प्रश्न होता, "सर, मी वर होतो आणि देह खाली होता, तर मग आत्मा नाही असे आपण कसे म्हणतो?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आत्म्यावरील विश्वासाला अधम्मात गणले आहे. हा विश्वास ईश्वरावरील विश्वासापेक्षाही अधिक घातक आहे, कारण तो पुरोहिताला माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतचा ताबा देतो, असे त्यांचे विवेचन आहे. ज्याच्या मनात अनात्मवाद केवळ पाठांतराने आला आहे, त्याचा पाया असा एक पहाटेचा अनुभव हलवू शकतो. म्हणून स्वप्न आणि देहाबाहेर असल्याची प्रतीती यांविषयी प्राचीन बौद्धांनी काय जाणले होते, हे पाहणे आवश्यक ठरते.

आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करता येतो. केळणा नदीकाठचे आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. आर. एस. गुप्ते यांनी 1973 साली तेथे उत्खनन केले, त्यातून सातवाहनकालीन समृद्ध नगर उजेडात आले. या नगरातील उपासकांची नावे सांची आणि भरहुत येथील दानलेखांत कोरलेली आहेत. ज्या भरहुतच्या कठड्यासाठी आपल्या पूर्वप्रदेशातील माणसांनी दान दिले, त्याच कठड्यावरील एका वर्तुळाकार शिल्पात महामाया निद्रिस्त असून वरून हत्ती उतरत आहे. हे शिल्प आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. त्यावरील कोरीव लेखाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. लेख स्वप्नाचा उल्लेख करीत नाही, भगवंतांचे उतरणे असे म्हणतो. मज्झिमनिकायातील अच्छरियब्भुतसुत्तातही स्वप्न नाही. बोधिसत्त्व स्मृतिमान राहून मातेच्या उदरात आले, एवढेच तेथे आहे. निदानकथेपर्यंत येताना त्याचे सविस्तर स्वप्न झाले आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ते भिंतीवर रंगले. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्वप्न ठेवले, पण त्यातून हत्ती वगळला. सुमेध नावाचा बोधिसत्त्व येतो आणि मातेची संमती विचारतो. अलौकिक घटना मागे सरली आणि विनंती व होकार यांचे स्वप्न उरले. हा बदल मला फार अर्थपूर्ण वाटतो.

त्या काळी स्वप्नाचा धंदाही होता. दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात श्रमण-ब्राह्मण ज्या हीन विद्यांवर उपजीविका करीत, त्यांच्या यादीत स्वप्नफल सांगणे आहे. सुत्तनिपातातील तुवटकसुत्तातही भिक्खूला त्यापासून दूर राहण्यास सांगितले आहे. हा धंदा कसा चाले, याचे चित्र महासुपिन जातकात आहे. कोसलराजा पसेनदीला एका रात्रीत सोळा स्वप्ने पडली. पुरोहितांनी राज्य, जीवित किंवा संपत्ती यांवर संकट येणार असे भय घातले आणि असंख्य पशूंच्या बळीचा महायज्ञ सांगितला. राणी मल्लिकेच्या सल्ल्याने राजा तथागतांकडे गेला. तथागतांनी सांगितले की या स्वप्नांतून तुला कसलेही भय नाही. यज्ञ थांबला, खुंट्याला बांधलेले पशू सुटले. ही कथा उत्तरकालीन आहे हे मान्य केले तरी स्वप्न, भय, पुरोहित आणि दक्षिणा ही साखळी कथाकाराने अचूक टिपली आहे.

याउलट अंगुत्तरनिकायात बोधिसत्त्वाची स्वतःची पाच स्वप्ने आहेत. त्यांपैकी एका स्वप्नात चार दिशांकडून चार निरनिराळ्या रंगांचे पक्षी येतात, पायापाशी उतरतात आणि सगळेच शुभ्र होतात. सुत्तातच त्याचा अर्थ दिला आहे : खत्तिय, ब्राह्मण, वेस्स आणि सुद्द या चारही वर्णांचे लोक या धम्मविनयात येऊन एकच विमुक्ती साक्षात करतील. ज्या संस्कृतीत वर्ण हा जन्माबरोबर चिकटलेला रंग मानला जाई, तेथे रंगच धुऊन जाण्याचे हे स्वप्न आहे. येथे भय नाही, शांतिकर्म नाही. जागेपणी जे कार्य करावयाचे त्याचेच ते प्रतिबिंब आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. निद्रेत कोणीतरी देहातून बाहेर पडतो, ही कल्पना बृहदारण्यक उपनिषदात स्पष्ट आहे. प्राणाच्या राखणीवर देहाचे घरटे सोपवून पुरुष बाहेर हिंडतो, म्हणून झोपलेल्याला एकाएकी उठवू नये, तो परतला नाही तर उपाय करणे कठीण, अशी लोकसमजूतही तेथे नोंदलेली आहे. आजही आपल्या खेड्यांतील आजीबाई हेच सांगतात. कठोपनिषदात आणखी एक उपमा येते. मुंज गवतातून आतली काडी ओढून काढावी तसा अंतरात्मा शरीरातून धैर्याने वेगळा काढावा.

हीच मुंजेची उपमा सामञ्ञफलसुत्तात आहे, आणि तिच्यापाशी अभ्यासकाने थांबले पाहिजे. राजगृहात जीवकाच्या आम्रवनात, कौमुदी पौर्णिमेच्या रात्री तथागत अजातसत्तूला श्रमणजीवनाची फळे सांगतात. चतुर्थ ध्यानाने चित्त स्थिर झाल्यावर भिक्खू या देहातून दुसरा, मनाने घडविलेला, सर्व अवयवांनी युक्त असा देह निर्माण करतो. जणू मुंजेतून काडी, म्यानातून तलवार, करंडीतून साप काढावा तसा. उपमा तीच, परंतु वाक्यातील क्रियापद बदलले आहे. उपनिषदात जे बाहेर निघते ते आधीपासून आत असलेले नित्य तत्त्व आहे. सुत्तात भिक्खू ते निर्माण करतो. जे निर्मिले जाते ते संस्कृत आहे, कारणांवर अवलंबून आहे आणि कारणे संपताच संपणारे आहे. परिचित शब्द घ्यावयाचे आणि त्यांतील आत्मा काढून टाकावयाचा, ही तथागतांची पद्धती पालि वाङ्मयात वारंवार दिसते.

पोट्ठपादसुत्तात तर प्रश्न उघडच विचारला आहे. स्थूल, मनोमय आणि अरूप अशा तीन प्रकारच्या आत्मलाभांविषयी चर्चा होते. तेथे तथागतांचे म्हणणे असे की दुधाचे दही, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप होते. ज्या वेळी जे असते त्या वेळी तेच नाव दिले जाते. ही लोकव्यवहाराची नावे आहेत, तथागत ती वापरतात, पण त्यांना चिकटत नाहीत. ब्रह्मजालसुत्तात ध्यानाने विशिष्ट अनुभव घेतलेले लोक त्यावरून आत्मा आणि लोक शाश्वत आहेत असा सिद्धांत कसा रचतात, ते दाखविले आहे. तथागत त्यांना खोटारडे म्हणत नाहीत. अनुभव आला असेल, मात्र त्यावरून काढलेले अनुमान चुकीचे आहे, अशी ही भूमिका आहे. माझ्या मते त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे.

मनोमय काय निर्माण करण्याची रीत आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात रचलेल्या विसुद्धिमग्गाच्या बाराव्या परिच्छेदात दिली आहे. योग्याने आधारभूत ध्यानातून उठावे, आपल्या देहाकडे चित्त वळवावे, तो पोकळ होवो असे अधिष्ठान करावे. मग त्याच्या आत दुसऱ्या देहाचे चिंतन करावे आणि तो बाहेर काढावा. हे वाचून कोणी उत्साहित झाला तर त्याने त्याच परिच्छेदाचा आरंभही वाचावा. कसिणाचे प्राथमिक परिकर्मच शंभरांत किंवा हजारांत एखाद्याला साधते. ज्याला साधले त्यांच्यातही शंभरांत वा हजारांत एखाद्यालाच निमित्त उमटते. निमित्त उमटलेल्यांतही तितक्याच थोड्यांना ते वाढवून अर्पणेपर्यंत पोहोचता येते. शंभरांत एक हे उदार प्रमाण धरले तरी या तीन पायऱ्यांवर दहा लाखांत एक उरतो, आणि पुढच्या पायऱ्या अजून बाकीच असतात. दोन दिवसांच्या शिबिरात हे शिकविणाऱ्याने हा हिशेब आपल्या पत्रकावर छापावा! महाराष्ट्रातील वाचकांस या ग्रंथाची वाट गोव्याचे आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी मोकळी करून दिली. त्यांनी विसुद्धिमग्गाची नागरी आवृत्ती 1940 साली संपादित केली आणि 'समाधिमार्ग' हे पुस्तक मराठीत लिहिले.

ऋद्धींविषयी संघाची शिस्तही कठोर होती. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंच टांगलेले चंदनाचे पात्र पिण्डोल भारद्वाजाने ऋद्धीने उतरविले, तेव्हा तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली आणि गृहस्थांसमोर ऋद्धिप्रदर्शनास मनाई केली. न साधलेली उत्तरिमनुस्सधम्माची अवस्था साधली असा दावा जाणूनबुजून करणे तर पाराजिक ठरविले. या नियमाच्या मुळाशी दुष्काळ आहे. वज्जी प्रदेशात अन्न मिळेना, तेव्हा वग्गुमुदा नदीकाठच्या काही भिक्खूंनी गृहस्थांपुढे एकमेकांच्या खोट्या सिद्धींची स्तुती करून पोट भरले. पोटासाठी सिद्धी विकण्याचा व्यवहार इतका जुना आहे.

थेरवादी आचार्यांनी स्वप्नाला साधनामार्ग मानले नाही. कथावत्थूच्या बाविसाव्या वग्गात स्वप्नात धम्माचा साक्षात्कार होतो या मताचे खंडन आहे. झोपलेला प्रमत्त असतो, मग त्याला बोध कसा होणार, हा त्यातील युक्तिवाद. विनयात स्वप्नातील कृत्याला संघादिसेसातून वगळले आहे. तेथे चेतना असते, पण ती व्यवहारात धरण्याजोगी नसते, असा सूक्ष्म निर्णय आहे. मिलिंदपञ्हात वात, पित्त, कफ, देवतेचा प्रभाव, पूर्वपरिचय आणि पूर्वनिमित्त अशी स्वप्नाची सहा कारणे दिली आहेत. स्वप्न गाढ झोपेत पडत नाही आणि जागेपणीही नाही, मधल्या 'माकडझोपेत' पडते, हे नागसेनाचे निरीक्षण तर विलक्षणच म्हटले पाहिजे. अट्ठकथा सांगतात की अर्हताला स्वप्ने पडत नाहीत, कारण त्याचे विपर्यास संपलेले असतात.

वज्रयानाने वेगळी वाट धरली. अकराव्या शतकातील नारोपाच्या सहा धर्मांत स्वप्नयोग आहे. मारपा या भाषांतरकाराने ही परंपरा तिबेटात नेली. स्वप्नात असतानाच हे स्वप्न आहे हे ओळखावे, दृश्ये इच्छेनुसार बदलावीत आणि जागेपणीचे जगही तितकेच निःस्वभाव आहे हे जाणावे, असा तिचा क्रम आहे. येथेही स्वप्न करमणुकीसाठी नाही, शून्यतेच्या अभ्यासासाठी आहे.

पाश्चात्त्य जगात अशा सजग स्वप्नास 'ल्यूसिड ड्रीम' हे नाव डच लेखक फ्रेडरिक व्हान एडन यांच्या 1913 सालच्या निबंधामुळे रूढ झाले. 1975 साली इंग्लंडातील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी आणि पुढे स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी झोपलेल्या व्यक्तीकडून डोळ्यांच्या ठरावीक हालचालींद्वारे संकेत मिळवून हा प्रकार प्रयोगशाळेत सिद्ध केला. त्यांची तंत्रे साधी आहेत. दिवसभर वारंवार 'मी आता जागा आहे की स्वप्नात?' असे तपासावे. रात्री पाचेक तास झोपून उठावे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे आणि पुढच्या स्वप्नात ते स्वप्न आहे हे ओळखीन असा संकल्प करून पुन्हा झोपावे. यात गूढ काही नाही, स्मृतीचे प्रशिक्षण आहे. देहाबाहेर असल्याच्या प्रतीतीबाबत 2002 साली जिनिव्हातील ओलाफ ब्लांक व त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाची नोंद केली. अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूच्या उजव्या बाजूस विशिष्ट ठिकाणी विद्युत्-उद्दीपन देताच तिला आपण वरून आपलेच शरीर पाहत आहोत असे वाटले. प्रवाह दिला की प्रतीती येई. प्रत्ययाने उत्पन्न होणारे असेच वागते.

त्या तरुणाला मी एवढे सारे सांगितले नाही. त्याची पाळी दर आठवड्याला बदलत होती, रात्रपाळीनंतर दिवसा पत्र्याच्या खोलीत त्याला धड झोप मिळत नव्हती. अनियमित झोपेत मन जागे होते आणि शरीर अद्याप निद्रेच्या शिथिलतेत अडकलेले राहते, छातीवरचे ओझे त्यातूनच येते, हे त्याला समजाविले. तरंगणारा 'तो' आणि पाहणारा 'तो' हे दोन्ही त्या क्षणी मनाने घडविले होते, हेही सांगितले. त्याने विचारले की मग झोपताना काय करावे. सुत्तांत जे आहे तेच मी सांगितले : उजव्या कुशीवर, स्मृती राखून, उठण्याची वेळ मनात धरून झोपावे आणि त्याआधी थोडा वेळ मेत्तेची भावना करावी. मेत्तेच्या अकरा लाभांत सुखाने झोपणे, सुखाने उठणे आणि वाईट स्वप्ने न पडणे हे पहिले तीन आहेत. शिबिराच्या पत्त्याची चिठ्ठी त्याने खिशातून काढून मला दाखविली. शुल्क त्याच्या महिन्याच्या निम्म्या पगाराइतके होते.